कडेचा खण

वाघोली, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

दादास,

नमस्कार लिहितो, पण ह्या वेळेला वाकून नाही.

फोन सोडून कागद काहून घेतला असं तुला वाटंल. फोनवर बोललेलं तू चार लोकांत वाजवून दाखवतोस, म्हणून कागद. कागद वाजत नाही. तुला अक्षर लावून वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तू चौथीतून गुरांमागं गेलास म्हणून मला सातवीपर्यंत बसता आलं, ते मी विसरलो नाही. कोमलकडून वाचून घे. कोमल, मोठ्यानं वाच बाळा, आजीला चुलीपाशी ऐकू गेलं पाहिजे.

काल मिराबाई आत्याचा फोन आला. मला वाटलं बाळापूरच्या पाहुण्यांचं काही असंल. तर आत्या म्हणाली, "शिवशंकरा, बापाचं नाव राखलंस रं. आपला खण भावजयीला देऊन टाकलास. आजकाल कोण देतंय?"

मी तेव्हा सहाव्या मजल्यावर कुणाच्या तरी फ्लॅटात होतो, भिंतीत मिटणारा पलंग बसवून राहिलो होतो. टेप हातात तसाच. म्हणलं, आत्या, चोळीचा एक खण तो, त्यात काय एवढं. आत्या हसली. तिला वाटलं मी लाजून बोलतो. मग तिनं सगळं सांगितलं, अन् मी टेप सोडला तो सुर्रकन आत गेला अन् बोट कापलं.

संक्रांतीनंतर मधली भिंत पाडली म्हणं. मधला अन् कडेचा एक केला. माझी ट्रंक कणगीच्या मागं सरकवली. पारावर म्हाताऱ्या मंडळींनी विचारलं, शिवाला विचारलं का रं सोमेश्वरा, तर तू मोबाईल काढून माझा आवाज लावला. "वैनीला माझ्याकडून खण." सगळ्यांनी ऐकलं. आत्या म्हणती दोघा म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

दादा, ते मी रुद्रच्या बारशासाठी बोललो होतो. सुट्टी मिळाली नाही, म्हणून आवाज भरून पाठवला. बारशाला बाळंतिणीची ओटी भरतात, तो खण. हिरवा म्हण, लाल म्हण, पण कापडाचा. ओटीत नारळाशेजारी घराचा खण कुणी घालतं का? मी एवढंच बोललो होतो. एक शब्द जास्त नाही.

बापानं मातीचं माळवद उतरवून पत्रे टाकले तरी खांब अन् तुळया जुन्याच ठेवल्या, म्हणून आपलं घर तीन खणाचंच राहिलं. बाप खाटेवर होता तेव्हा ह्याच म्हाताऱ्यांना बसवून बोट करून सांगितलं होतं. चुलीचा आईचा, मधला सोमेश्वरचा, कडेचा शिवाचा. तू तेव्हा मान हलवली होती. मी पाहिलं होतं.

घरात माणसं वाढली हे मला कळत नाही असं समजू नको. तू, वैनी, कोमल, राणी, आता रुद्र, अन् आई. म्हणून तर दिवाळीत मी कागदावर काढून पाठवलं होतं. मधल्या खणात आढ्याखाली साडेबारा फूट उंची आहे. सात फुटावर फळ्यांचा माळा टाकला की दोन पोरी वर झोपतील, खाली तुम्ही. कणगी बाहेर पडवीत. पत्र्याखाली थर्माकोल लावायचा, नाहीतर उन्हाळ्यात भाजतील. मी स्वतः येऊन करणार होतो. तू म्हणला, "बघू." दादा, मी दुसऱ्यांच्या घरात बोट बोट जागा काढून देतो. जिन्याखाली, पलंगाखाली, दारामागं. आपल्या घरात काढली नसती का?

आता एक मागणं आहे. सोळा तारखेला बाळापूरचे पाहुणे घर पाहायला येणार. पोरीचा फोटो आईकडं आहे. पोरगी मला पसंत आहे अन् तिला मी, एवढं आत्यानं काढून घेतलंय. बाकी फक्त घर पाहायचं राहिलं. भिंत आत्ता उभी नाही होणार तर निदान पडदा लाव. वैनीचं जुनं लुगडं लाव. माझी ट्रंक जागेवर ठेव. त्यांना म्हण, हा खण शिवशंकरचा. एवढं तोंडानं म्हण.

तुझा,
शिवा


वाघोली
२० फेब्रुवारी २०२५

दादास,

तुझा फोन आला तेव्हा मी उचलला होता. नंतरचे सहा उचलले नाहीत.

फोनवर तू जे बोलला ते इथं लिहून ठेवतो, कोमलला वाचू दे. तू म्हणला, "तू काय हितं ऱ्हातोस का? वर्षातून चार दिवस. चार दिवसासाठी खण अडवून ठेवायचा का, अन् लेकरं एकमेकाच्या अंगावर झोपवायची?" मी फोन ठेवला. माझं असंच होतं. उत्तर मला बसनं अर्धा रस्ता गेल्यावर सुचतं.

सोळा तारखेचं आत्यानं सांगितलं. पाहुणे पाचजण आले. वैनीनं पोहे केले. पडदा नव्हता. ट्रंक कणगीमागंच. पोरीच्या बापानं सगळं घर फिरून पाहिलं, अन् साधंच विचारलं, पोरगी कुठं ऱ्हाईल? तेव्हा तू म्हणलास, "धाकट्याचं आता सारं शहरातच हाय." मग त्यांनी विचारलं, शहरात कुठं? ह्याला तू गप्प. कारण तुला ठाऊक आहे मी कुठं झोपतो. वर्कशॉपात प्लायच्या थप्पीवर झोपतो. खाली अठरा एमएमचे बारा तुकडे, वर मी. दुसऱ्याच्या पलंगांचं सामान उशाला.

माणूस भला होता, त्यानं पोहे संपवले. आत्याला दारात म्हणला, "बाई, पोरगं चांगलं असंल. पण गावात खण न्हाई, शहरात खोली न्हाई. लेक काय हवेत ठेवू?"

त्यांचा नकार परवा आला.

माझ्या संगं प्रमोद आहे, आपल्याच जिल्ह्यातला, सिद्धेश्वरच्या धरणाकडचा. मी जेवलो नाही म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणला, "शिव्या, ब्लाऊजपीस म्हणला असतास तर घर वाचलं असतं." अख्खं वर्कशॉप हसलं. मी पण हसलो. आता तिथं मला ब्लाऊजपीस म्हणूनच हाक मारतात.

हसून झाल्यावर मी फोनमध्ये तो माझा आवाज काढून ऐकला. नोव्हेंबरपासून तिथंच पडलेला. दादा, पहिल्या पत्रात मी लिहिलं की एवढंच बोललो, एक शब्द जास्त नाही. ते खोटं आहे. पुढं मी बोललोय, "कमी पडू देऊ नको. माझं काय, मला काय लागतंय, मी कुठंबी झोपतो." मागं करवतीचा आवाज आहे, पण कळतं. सुट्टी नाही म्हणलं तेही पूर्ण खरं नाही. सुट्टी मागितलीच नव्हती. एकोणीस महिने झाले मी गावाला आलो नाही. आलो की आई विचारती, कधी येणार कायमचा, अन् मला बसवत नाही एका जागी, म्हणून येतच नाही. हे माझ्याकडचं.

म्हणून मी स्वतःला समजावून राहिलो की तुझी चूक झाली असंल. दोन्ही खणाला शब्द एकच. तू घाईत ऐकलं, पुढचं वाक्य ऐकलं, तुला वाटलं धाकट्यानं सोडला. लेकरं तुझ्या डोळ्यापुढं होती. मी तुझ्या जागी असतो तर मलाही तसंच ऐकू आलं असतं. असं मी दोन दिवस म्हणून राहिलो. चूक असंल तर पारावर जाऊन ज्यांना ऐकवलं त्यांना सांग, की शिवा कापडाचं बोलला होता. भिंतीचं मग पाहू. भिंत माझ्यासाठी दुसरी गोष्ट आहे.

पत्राचं उत्तर दे. फोन करू नको.

शिवा


वाघोली
९ मार्च २०२५

सोमेश्वर सटवाजी यांस,

आजपासून तुम्हाला तुम्ही म्हणतो. तू आपल्या माणसाला म्हणतात.

उत्तर तुम्ही दिलं नाही. कोमलनं दिलं. वहीचं मधलं पान फाडून, शाळेतल्या बाईंकडून पत्ता लिहून घेऊन, स्वतः तिकीट लावून. तिला रागावू नका. रागावलात तर मला कळंल. तिनं काही चुगली केली नाही. तिला वाटलं काकाला वाटतंय की आपला खण आईला मिळालाच नाही, म्हणून काका रुसला. त्या लेकरानं मला समजावलंय. तिचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो:

"काका तुम्ही रागवू नका. तुमचा खण आईला मिळाला आहे. बाबांनी बारशाच्या आदल्या दिवशी सेनगावहून आणला होता. हिरवा आहे त्याला मोराचे काठ आहेत. बाबा म्हणले शिवानं सांगितला म्हणून आणला. आजीनं ओटीत घातला. आईनं तो शिवला आणि संक्रांतीला घातला. आई छान दिसत होती."

मी हे प्लायच्या थप्पीवर बसून वाचलं. चार वेळा वाचलं. प्रमोद म्हणला काय झालं, मी कागद त्याच्याकडं दिला. त्यानं वाचला अन् घडी घालून परत दिला. त्या दिवसापासून मला कोणी ब्लाऊजपीस म्हणत नाही.

म्हणजे तुम्हाला बराबर कळलं होतं. बारशाच्या आधीच कळलं होतं. सेनगावच्या दुकानात उभं राहून तुम्ही स्वतः काठ निवडले. मोराचे. माझ्या नावानं ओटीत घातला, माझ्या नावानं वैनीच्या अंगावर चढला. संक्रांतीला वैनी तो घालून वाण द्यायला गल्लीभर फिरल्या असतील, अन् कुणी विचारलं असंल तर म्हणल्या असतील, भावजींचा आहे. अन् त्याच आठवड्यात तुम्ही पारावर बसून तेच बोलणं परत वाजवलं, अन् त्याच एका शब्दात दुसरा खण घेतला.

एक मी दिला होता. दोन्ही तुम्ही घेतले.

तुम्ही मला सरळ म्हणला असता, शिवा, लेकरं मावत नाहीत, तुझा खण काही वर्षं वापरू दे, तर मी काय म्हणलो असतो? मी खूप विचार केला. मला वाटतं मी आधी भांडलो असतो. मग दिला असता. हे तुम्हाला पण ठाऊक होतं. भांडण नको म्हणून तुम्ही माझाच आवाज माझ्यावर लावला. बाळापूरचे आले त्या दिवशी तुम्ही गप्प बसला. ते तर कुठल्या शब्दाच्या चुकीनं झालं नाही ना?

अन् आई. कोमल, इथं थांबू नको, वाच. आई, ओटी तू भरलीस. तुझ्या हातानं हिरवा खण ठेवलास. पारावरचं तुझ्या कानावर आलं तेव्हा तू म्हणू शकली असतीस, अहो तो कापडाचा, मी स्वतः घातला. तुझ्या एका बोलण्यानं भिंत राहिली असती. तुझ्यासमोर पाडली ना? धूळ तुझ्या चुलीवर आली असंल.

मला तुम्हा सगळ्यांचं एकच कळून राहिलं नाही. रागात केलं असतं तर समजलो असतो. पण तुम्ही तर माझं कौतुक करून घेतलं. मिराबाई आत्यापासून पारापर्यंत सगळ्या गावात मला मोठ्या मनाचा केलं. आता मी माझा खण मागायला आलो तर लोक म्हणतील दिलेलं परत मागतो. चोरानं निदान चोरी झाली असं तरी वाटू दिलं असतं.

मी येऊन राहिलो आहे. कधी ते लिहीत नाही.

शिवशंकर


साखरा
१ एप्रिल २०२५

दादास,

हे पत्र टपालानं येणार नाही. मधल्या खांबाजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून जातो. तुम्ही हळद शिजवायच्या टोळीसंगं वसमतकडं गेलात हे मला आत्याकडून कळलं होतं. तुम्ही नसताना आलो, हे मुद्दाम. तुम्ही समोर असता तर भांडण झालं असतं, अन् काम राहिलं असतं.

पाडव्याला सकाळी पोचलो. सेनगावहून छोटा हत्ती टेम्पो केला, कारण सामान होतं. दारात गुढी होती. तिच्या काठीला वैनीनं तोच हिरवा ब्लाऊज बांधला होता, अन् मी दारात उभा राहिलो. वैनी बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गुढीकडं पाहिलं. पाण्याचा तांब्या हातातच राहिला. तुम्ही नाही म्हणून गुढी त्यांनीच उभारली होती, अन् घरात नवं कापड तेवढंच होतं. पाडव्याला ते सोडून दुसरं काय बांधणार.

जेवण झाल्यावर त्या म्हणल्या, "भावजी, मला ठाव होतं. मी बोलले न्हाई. राणीचे पाय माझ्या पोटात यायचे, मी बाळंतीण होते, मला वाटलं भिंत पडली तर पडू दे." अन् म्हणल्या, तो खण उसवून देते तुम्हाला. मी म्हणलं, वैनी, कापलेलं कापड उसवून जुळत नाही. तो तुमचा आहे, मी दिलाय, घाला. जो दिला नाही तेवढ्याचंच माझं म्हणणं आहे.

आई माझ्याकडं पाठ करून तूर निवडत बसली होती. पण ताटात माझ्या दोन पुरणपोळ्या जास्त होत्या.

मग मी घर मोजलं. दुसऱ्यांची घरं मोजतो तसं, टेप लावून. दादा, भिंत तुम्ही पाडली. चांगली पाडली, कुठं तडा नाही. पण मधला खांब तुम्हाला काढता आला नाही. त्याच्यावर तुळई आहे, काढला असता तर पत्रे खाली आले असते. तो तिथंच आहे, दोन खणांच्या मधोमध. लेकरांनी त्याला दोरी बांधून झोका केलाय. बाप म्हणायचा, खण भिंतीनं मोजत नसतात, खांबानं मोजतात. मी ते ऐकलं होतं पण मला ते लाकडाचं गणित वाटायचं.

दोन दिवस काम केलं. आधी तुमचं केलं. दिवाळीच्या कागदात होता तसा माळा, मधल्या खणात, सात फुटावर. फळ्या मी आणल्या होत्या, उरलेल्या प्लायच्या, पण मजबूत. शिडी काढता येते. कडेला कठडा केलाय, राणी झोपेत लोळती. पत्र्याखाली थर्माकोल लावला. कोमलनं सगळे खिळे मोजून हातात दिले, अन् मधेच विचारलं, काका, तुम्ही माझ्यावर रागावले का? मी म्हणलं, तू सोडून बाकी घरावर.

कणगी पडवीत काढली. ट्रंक जागेवर ठेवली. आता बघा, लेकरांना मधल्या खणातच जागा झाली. भिंत न पाडता झाली असती.

मग माझं केलं. कडेच्या खणात, खांबाच्या अंगाला, भिंतीत मिटणारा पलंग बसवला. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून सगळा भार बापाच्या खांबावर घेतलाय, चार बिजागऱ्या, दोन साखळ्या. मिटला की नऊ इंच जागा खातो. फक्त नऊ इंच. दिवसा लेकरं खेळू द्या, वैनी पापड वाळवू द्या, तुम्ही हळदीची पोती ठेवा, मला काही तकलीफ नाही. उतरवला की एका माणसाची जागा होते. दोघं पण झोपतील, थोडं जवळ जवळ. बाळापूरच्यांची पोरगी आता दुसरीकडं ठरली, आत्यानं सांगितलं. पण कुणीतरी कधीतरी विचारंलच, पोरगी कुठं ऱ्हाईल. तेव्हा खाली उतरवून दाखवा.

बसवून झाल्यावर पहिली आई आली. मला न विचारता त्यावर आडवी झाली. इकडून तिकडं वळून पाहिलं. म्हणली, "कुरकुरत न्हाई रं हा." एवढंच बोलली ती दोन दिवसात. मी तिला काही विचारलं नाही. विचारायचं होतं ते पत्रात विचारलंय.

पारावर मी गेलो नाही. ते काम तुमचं आहे. तुम्ही तिथं जाऊन काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, शब्द पण एकच आहे. सांगाल तेव्हा मी परत तू म्हणीन. वरती दादास लिहिलंय ते सवयीनं, त्याचा दुसरा अर्थ काढू नका.

आता शेवटचं. ह्या वेळेला शब्द जपून लिहितो, कारण मागच्या वेळेला नाही जपला.

मी नसताना पलंग रिकामा ठेवू नका, लाकूड वापरात पाहिजे. रुद्र मोठा झाला की त्याला त्यावर झोपवा. हा पलंग अन् हा खण रुद्रला वापरायला दिला आहे. दिला नाही.

कोमल, ही शेवटची ओळ बाबांना दोनदा वाचून दाखव.

शिवशंकर सटवाजी
मुक्काम साखरा, कडेचा खण